घरोघरचें शास्त्र : तेल असतांना विझणारी समई

देवळाली प्रवरा येथील एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत या सदराकडे आलें. (नाशिकजवळच्या छावणीच्या देवळालीशीं या गांवाचा घोटाळा होऊं नये, ही देवळाली राहुरी तालुक्यांतली, प्रवरेच्या उजव्या कालव्याच्या भागांतली, उंसाची.) त्यांची हकीकत थोडक्यांत अशी : २०२० सालच्या टाळेबंदींत मुलीच्या शिक्षणाकरितां त्यांनीं एक लॅपटॉप विकत घेतला. मुलगी आतां पदवीधर झाली असून पुण्याच्या एका कचेरीची मुलाखत ती या लॅपटॉपवरूनच देत होती. ऐन मध्यावर वीज गेली. पडद्याच्या कोपऱ्यांत बॅटरीचा आंकडा ३८ टक्के दिसत होता, त्यामुळें कोणास काळजी वाटली नाहीं. पण चार मिनिटांच्या आंत पडदा एकाएकीं काळा पडला. वीज आल्यावर यंत्र पुन्हां सुरू केलें, तों आंकडा ३६ टक्के!

मुलीस आणखी एक संधि मिळावयाची आहे, पण ती शेवटची. एका दुकानदारानें “यंत्रच थकलें, आतां नवें घ्या” असा सल्ला दिला. मुलीचे वडील निवृत्तिवेतनावर आहेत. नव्या लॅपटॉपचा खर्च हा त्या घरांत सहज करण्याजोगा खर्च नाहीं. म्हणून भगिनींनीं तीन प्रश्न विचारले आहेत. दोष यंत्राचा कीं बॅटरीचा? नवें यंत्र घेणें अटळ आहे काय? आणि ३८ हा आंकडा खोटा होता, तर यापुढें विश्वास ठेवावा तरी कशावर?

हे प्रश्न एका घरापुरते नाहींत. टाळेबंदीच्या त्या वर्षांत ज्या मध्यम स्थितीच्या घरांनीं मुलांच्या अभ्यासासाठीं पहिला लॅपटॉप घेतला, त्या सर्वांच्या बॅटऱ्या आतां एकाच सुमारास वृद्ध होत आहेत. यासाठीं आम्ही उत्तर जरा विस्तारानें देत आहों. मूळ उत्तर इतकेंच कीं, दोष बहुधा बॅटरीचा आहे, यंत्राचा नव्हे. मात्र खर्च करण्यापूर्वीं त्याची खात्री घरच्या घरीं करून घेतां येते, व ती अवश्य करावी.

प्रथम हें पाहूं कीं, ३८ टक्के शिल्लक असतां बॅटरी मरते कशी. आपली नित्याची कल्पना समईवरून बसलेली असते. समईंतलें तेल सरत आलें म्हणजे ज्योत आधीं बारीक होते, मग फडफडते आणि शेवटीं विझते. नवी बॅटरी पुष्कळ अंशीं अशीच वागते. पण ज्या समईची वात काजळीनें गच्च धरली आहे, ती अर्धें तेल शिल्लक असतांनाहि विझते, कारण तेल वर चढावयास वाटच उरत नाहीं. वृद्ध बॅटरीचें दुखणें या दुसऱ्या जातीचें असतें.

लॅपटॉपच्या पोटांतील बॅटरी म्हणजे दोन, तीन किंवा चार विद्युत्‌घट एकापुढें एक जोडून केलेली माळ होय. हे घट लिथियम-आयन जातीचे असतात. सोनी कंपनीनें १९९१ सालीं ते प्रथम बाजारांत आणले, आणि ज्यांच्या संशोधनावर ते उभे आहेत, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. घटांत एका बाजूस कोबाल्टादि धातूंचें ऑक्साइड व दुसऱ्या बाजूस ग्राफाइट असतें. चार्ज करतांना लिथियमचे विद्युत्भारित कण पहिल्या बाजूकडून दुसरीकडे जाऊन ग्राफाइटच्या पदरांत बसतात. यंत्र चालतांना ते परत येतात. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब सुमारें ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टांच्या आसपास उतरला म्हणजे घट रिकामा समजतात, व त्याला इजा होऊं नये म्हणून रक्षक मंडल तेथेंच वीज तोडतें.

या येण्याजाण्यांत दरवेळीं थोडें थोडें लिथियम कायमचें अडकून पडतें, आणि ग्राफाइटवर एक चिवट साय धरत जाते. बॅटरीच्या म्हातारपणाचे दोन प्रकार यांतूनच निघतात. देवळालीच्या वाचकांस ते आपल्या पाटपाण्यावरून चटकन उमगतील. अकोले तालुक्यांतील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें; सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी त्यांत मावतें, आणि तें ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत वळतें. आतां अशी कल्पना करा कीं, एखाद्या धरणांत गाळ सांचला. पातळी पूर्वीइतकीच चढेल, लोक “धरण भरलें” म्हणतील, पण आंतलें पाणी कमी. बॅटरीची सांठवणशक्ति घटते ती अशी. पडद्यावर १०० टक्के दिसतात, पण ते आजच्या उथळ धरणाचे १०० टक्के असतात.

दुसरा प्रकार कालव्याचा. धरणांत पाणी आहे, परंतु कालवा शेवाळानें व गवतानें कोंदला आहे. एखाददुसराच शेतकरी पाणी घेत असेल, तर शेवटच्या शेतापर्यंतहि धार पोहोंचते. सर्वांनीं एकदम दारें उघडलीं कीं टोंकाच्या शेतांत चिखलहि होत नाहीं. बॅटरींतील या कोंदण्यास अंतर्गत रोध म्हणतात. देवळालीची ती मुलाखत फसली ती बहुधा याच रोधानें.

उदाहरणादाखल आंकडे घेऊं. तीन घटांची माळ आहे, व ३८ टक्क्यांस प्रत्येकाचा दाब ३.७ व्होल्ट, म्हणजे एकूण ११.१ व्होल्ट आहे. बॅटरी नवी असतां तिचा अंतर्गत रोध समजा ०.१५ ओहम होता. कॅमेरा, ध्वनि, प्रखर पडदा असें सर्व एकदम चालूं लागून यंत्रानें क्षणभर ४ अँपियर प्रवाह ओढला, तर ४ गुणिले ०.१५ म्हणजे ०.६ व्होल्ट आंतल्या आंत खर्च होतात, व बाहेर १०.५ उरतात. यंत्रास कांहीं कळतहि नाहीं. पांच वर्षांनीं रोध ०.५५ ओहम झाला. तोच ४ अँपियर ओढतांच २.२ व्होल्ट आंत जिरतात व बाहेर ८.९ उरतात. तीन घटांची मर्यादा ९ व्होल्ट! रक्षक मंडल तत्क्षणीं वीज तोडतें. तीच बॅटरी, तेच ३८ टक्के. पण नुसतें पुस्तक वाचतांना १ अँपियरच लागला असता, तर १०.५५ व्होल्ट उरले असते आणि यंत्र मुकाट्यानें चालत राहिलें असतें. यंत्र बंद पडल्यावर ओढ थांबते, दाब पुन्हां वर येतो, म्हणून सुरू करतांच ३६ दिसले.

यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. माळेंतले सर्व घट सारखे म्हातारे होत नाहींत. एक अशक्त झाला कीं तो इतरांच्या आधीं तळ गांठतो, आणि रक्षक मंडल त्या एकासाठीं सर्वांची वीज तोडतें. बाकीच्या घटांत वीज असूनहि ती उपयोगीं पडत नाहीं.

मग ३८ हा आंकडा खोटा होता काय? खोटा म्हणतां येणार नाहीं. तो केवळ अंदाज होता. बॅटरींत वीज किती उरली हें डोकावून पाहण्याचें साधन नाहीं. एक लहानशी चिप किती वीज आंत गेली व किती बाहेर आली याची खतावणी ठेवते, दाबाशीं ती ताडून पाहते आणि शिल्लक मांडते. ही खतावणी महिनोन् महिने तळापर्यंत मिळवून पाहिली नाहीं, म्हणजे तींत चूक सांचते. शिवाय तिची खतावणी शिलकेची; एकदम मागणी आली तर ती पुरवितां येईल कीं नाहीं, हें त्या आंकड्यांत लिहिलेलें नसतें. पेढींत पैसा आहे, पण आज हातीं किती देतां येईल हें वहींतल्या शिलकेवरून कळत नाहीं, तसेंच हें.

आतां परीक्षा. त्या याच क्रमानें कराव्या.

पहिली परीक्षा डोळ्यांनीं व हातांनीं. लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवावा. तो डगमगतो काय? खालचें झांकण फुगलें आहे काय? बोट फिरवावयाची चौकट वर उचलली गेली आहे, किंवा तिची कळ दाबली जात नाहीं, असें आहे काय? असल्यास आंतील बॅटरी वायूनें फुगली आहे, व पुढील एकहि परीक्षा करूं नये. चार्जर काढावा, यंत्र बंद करावें आणि कारागिराकडे न्यावें. फुगलेली बॅटरी दाबणें, वांकविणें किंवा तिला सुई टोंचणें म्हणजे घरांत आगीस आमंत्रण होय.

दुसरी परीक्षा दोष कोणाचा तें ठरविण्याची. चार्जर लावून, वीज असतांना, मुलाखतीइतकेंच जड काम तासभर करावें. चार्जर लावलेला असतांनाहि यंत्र एकाएकीं बंद पडलें, तर बॅटरीस दोष देऊं नये. पंख्यांत धूळ बसून यंत्र तापत असेल, अथवा आंतील एखादा भाग बिघडला असेल. चार्जरवर तें निर्धास्त चालतें आणि चार्जर काढल्यावरच दगा देतें, तर दोष बॅटरीकडे येतो. देवळालीच्या पत्रांतील लक्षणें या दुसऱ्या प्रकारचीं आहेत.

तिसरी परीक्षा कागदोपत्रीं. विंडोज असलेल्या यंत्रांत ‘कमांड प्रॉम्प्ट’ नांवाची खिडकी उघडावी. तींत इंग्रजी अक्षरांनीं ‘पॉवर’ हा शब्द व त्यास लागून सी, एफ, जी हीं तीन अक्षरें टंकावीं. मग एक जागा सोडून तिरकी रेघ, व तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द मध्यें जागा न सोडतां लिहावा. एंटर दाबतांच यंत्र एक अहवाल तयार करतें व तो कोठें ठेवला तें सांगतें. त्यांत ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे जन्मतःची सांठवण, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. पहिली ४५,००० मिलिवॅट-तास व दुसरी २७,००० असेल, तर बॅटरी ६० टक्के उरली. ८० टक्क्यांच्या वर असेल तर प्रकृति ठीक. ६० ते ८० मध्यें असेल तर जपून वापरावी. त्याखालीं गेली असतां बदलण्याची तयारी ठेवावी. ॲपलच्या यंत्रांत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधील ‘पॉवर’ या सदराखालीं बॅटरीची स्थिति व पूर्ण चार्जांची संख्या दिसते. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी : हा अहवाल धरणांतला गाळ दाखवितो, कालव्यांतलें शेवाळ दाखवीत नाहीं. अहवालांत ७५ टक्के येऊनहि बॅटरी ३८ वर मरूं शकते.

म्हणून चौथी परीक्षा हीच निर्णायक. बॅटरी पूर्ण भरावी, महत्त्वाचें सर्व काम जतन करून मिटावें, चार्जर काढावा, पडदा प्रखर ठेवावा आणि कॅमेऱ्यासह एखाद्या नातेवाइकाशीं बोलत बसावें. किती वाजतां सुरू केलें, आणि कोणत्या आंकड्यावर यंत्र बंद पडलें, तें वहींत टिपावें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तसेंच करावें. एकदां असें पूर्ण उतरवून पूर्ण भरल्यानें चिपची खतावणी तळाशीं मिळते व आंकडा सुधारतो. त्यानंतर यंत्र ५-१० टक्क्यांपर्यंत उतरून मगच बंद पडूं लागलें, तर दोष मुख्यतः हिशेबाचा होता. पुन्हां ३०-४० वरच मेलें, तर बॅटरी बदलण्यावांचून उपाय नाहीं. मात्र “दररोज पूर्ण रिकामी करा” हा उपदेश जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळचा. लिथियमच्या बॅटरीस तो हानिकारकच आहे. शीतपेटींत ठेवल्यानें बॅटरी ताजी होते, हीहि समजूत टाकून द्यावी.

बॅटरी बदलेपर्यंत काय करावें? यंत्राच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्यें धोक्याची पातळी आपण ठरवूं शकतों. जें यंत्र ३८ वर मरतें, त्याची ‘क्रिटिकल बॅटरी’ पातळी ४५ किंवा ५० वर न्यावी, व तेथें ‘हायबरनेट’ ही आज्ञा द्यावी. म्हणजे काम जतन होऊन यंत्र आपण होऊन निजेल. अर्धें लिहिलेलें पत्र तरी हरवणार नाहीं. वीज गेली असतां पडद्याची प्रखरता निम्म्यावर आणावी व अनावश्यक खिडक्या मिटाव्या, कारण ओढ कमी झाली कीं दाब टिकतो. मुलाखतीच्या दिवशीं मात्र या युक्तीवर विसंबूं नये. लॅपटॉपचा चार्जर व इंटरनेटचा राउटर ही दोन्ही उपकरणें इन्व्हर्टरवर घ्यावीं. मुलाखतीचा दुवा मोबाईलवरहि उघडून पाहून ठेवावा, आणि आदल्या दिवशीं घरचा मुख्य खटका मुद्दाम बंद करून एकदां रंगीत तालीम करावी. त्या मुलीच्या शेवटच्या संधीकरितां आमचें हेंच पहिलें सांगणें आहे.

आपल्याकडे बॅटऱ्या लवकर कां थकतात, याचेंहि उत्तर देणें जरूर आहे. पहिलें कारण ऊन. राहुरीकडच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो. त्यांत भर म्हणून लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरला जातो आणि त्याच्या श्वासाच्या फटी बुजतात. दुसरें कारण भीति. वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, म्हणून आपण चार्जर अहोरात्र लावून ठेवतों, व बॅटरी सदैव १०० टक्के तुडुंब असते. ऊन व तुडुंबपणा एकत्र आले कीं म्हातारपण धांवत येतें. बॅटरीविषयक लेखनांत वारंवार येणारें एक ढोबळ कोष्टक असें : २५ अंशांत, ४० टक्के भरून ठेवलेली लिथियम बॅटरी वर्षअखेर सुमारें ९६ टक्के सांठवण राखते, तीच पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली तर सुमारें ६५ टक्केच राखते. पुष्कळ लॅपटॉपांत चार्ज ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते. ती सुरू करावी. यंत्र लांकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवून वापरावें. शिर्डीस किंवा शनि-शिंगणापुरास दर्शनाला जातांना लॅपटॉप बंद मोटारींत उन्हांत ठेवून जाऊं नये.

आतां खर्चाचा प्रश्न. नव्या बॅटरीची किंमत सामान्यतः नव्या लॅपटॉपच्या किमतीचा एक लहानसा अंश असते. मग यंत्र राखण्याजोगें आहे काय, एवढेंच पाहावें. विंडोज १० ची नेहमींची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. तेव्हां आपलें यंत्र विंडोज ११ घेऊं शकतें कीं नाहीं, हें ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’मध्यें आधीं पाहून घ्यावें. घेत असेल व चार्जरवर नीट चालत असेल, तर नुसती बॅटरी बदलून तें आणखी कांहीं वर्षें खुशाल सेवा देईल. घेत नसेल, तर मात्र त्या दुकानदाराचा सल्ला निराळ्या कारणानें बरोबर ठरण्याचा संभव आहे.

बॅटरी घेतांना जुन्या बॅटरीवरील भाग-क्रमांक, व्होल्ट व वॅट-तास हे तिन्ही लिहून न्यावे आणि जुळवून घ्यावे. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेल्या लिथियम बॅटरीवर आय. एस. १६०४६ हा मानकाचा अंक व ‘आर’ या अक्षरानें आरंभ होणारा नोंदणी-क्रमांक असतो. तो नसेल तर स्वस्त मिळते म्हणून घेऊं नये. पावती व हमी मागून घ्यावी. बॅटरी आंत स्क्रूंनीं बसविलेली असेल, तर ती घरीं काढण्याच्या भरीस न पडतां कारागिराकडून बदलून घ्यावी. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यांत किंवा उकिरड्यावर टाकूं नये. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बदलून देणाऱ्याकडेच ती सोंपवावी.

आमच्या घरांत जुनी वस्तु टाकून देण्यापूर्वीं ती दुरुस्त होते काय, हें पाहण्याची रीति पूर्वापार आहे. पितळी समईस कोणी काजळीसाठीं मोडीत घालीत नाहीं, वात बदलतात. लॅपटॉपलाहि तोच न्याय लावावा, मात्र वात कधीं बदलावयाची हें पडद्यावरच्या आंकड्यास न विचारतां वर सांगितलेल्या चौथ्या परीक्षेस विचारावें. देवळालीच्या भगिनींनीं परीक्षांचे आंकडे कळविल्यास पुढील सल्ला पत्रानें देऊं. पुढील अंकीं इन्व्हर्टरच्या शिसे-आम्लाच्या बॅटरींत पाणी कोणतें, केव्हां व किती घालावें, याचा विचार करूं.